संगणक सुरू होत नाही? आधी विचारा, ‘तो कुठपर्यंत येतो?’



आज एका अगदी घरगुती विषयावर लिहितेय. रविवारची सकाळ असते. मुलीला प्रकल्पाची प्रिंट काढायची असते, आपल्याला निकालपत्रक पूर्ण करायचं असतं, आणि नेमका त्याच वेळी घरातला संगणक सुरू होत नाही. आपण बटण दाबतो, पुन्हा दाबतो, वायरी हलवून बघतो, डब्यावर एक चापटही मारतो. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "त्या दुरुस्तीवाल्याला फोन लाव ना!" फोन लागतो आणि आपण एकच वाक्य बोलतो, "संगणक बंद पडलाय."

माझं मत असं आहे की, या एका वाक्यामुळे आपलं बरंच नुकसान होतं. पैशांचं होतं, वेळेचं होतं, कधी कधी पैशांनी भरून न येणारंही होतं. आणि शेजारी उभं राहून हे सगळं बघणारी आपली मुलं त्यातून एक चुकीचा धडा शिकतात. वस्तू बिघडली की विचार करायचा नसतो, फोन करायचा असतो, हा तो धडा.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नुकसान सोसून शिकले.

माझ्या घरी काय घडलं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते, दिवसातून चार वेळा वीज जात-येत होती. एका संध्याकाळी संगणक चालू केला तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळ आली. ती मी नीट वाचलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी डबा रिक्षात घालून दुकानात नेला. "काय झालंय मॅडम?" "बंद पडलाय." त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "विंडोज उडालंय बहुतेक. फॉरमॅट मारावा लागेल. फक्त सी ड्राइव्ह करतो, डी तसाच राहील." मी म्हटलं, "चालेल."

त्यांनी विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मला फक्त एक गोष्ट माहीत नव्हती. आपण डेस्कटॉपवर जे काही ठेवतो, ते सहसा सी ड्राइव्हमध्येच असतं. समोर दिसतं म्हणून ते वेगळ्या, सुरक्षित जागी आहे असं आपल्याला वाटतं, एवढंच.

माझ्या डेस्कटॉपवर ‘आई’ नावाचं एक फोल्डर होतं. त्यात आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या चौदा ओव्या होत्या, मी एका दिवाळीच्या सुट्टीत मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या. मोबाइल बदलताना संगणकावर उतरवून ठेवल्या होत्या. आई गेली. संगणक दोन दिवसांत चकाचक होऊन घरी आला. फोल्डर नव्हतं. एका जाणकाराला नंतर दाखवलं, पण त्याच डिस्कवर नवीन विंडोज आणि बाकी बरंच काही लिहिलं गेलं होतं. हाती काही लागलं नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण गेल्या जूनमध्ये, शाळा नुकतीच सुरू झालेली असताना, तशीच काळ्या पडद्यावरची पांढरी ओळ पुन्हा आली. मी फोन हातात घेतला. सातवीतली माझी मुलगी शेजारी उभी होती. तिने ती ओळ वाचली आणि म्हणाली, "आई, हा म्हणतोय बूट करायला डिस्क सापडत नाहीये. आणि तुझा शाळेचा पेनड्राइव्ह मागे तसाच लावलेला आहे बघ."

पेनड्राइव्ह काढला. पुन्हा चालू केला. संगणक सुरू झाला!

काही संगणकांत, विशेषतः जुन्या संगणकांत, सुरू होताना आधी यूएसबीवर आणि मग हार्ड डिस्कवर शोध घ्यायचा असा क्रम लावलेला असतो. पेनड्राइव्ह सापडला पण त्यात विंडोज नाही, की तो तिथेच अडून बसतो. आदल्या वेळी डबा दुकानात नेला, तेव्हाही असंच झालं होतं का? मला सांगता येत नाही. कारण त्या दिवशी ती ओळ कोणी वाचली नव्हती, कोणी लिहून ठेवली नव्हती. मला आजही टोचतं ते हेच.

‘बंद पडला’ म्हणजे नेमकं काय?

पोटात दुखतंय म्हणून मूल घेऊन आपण डॉक्टरांकडे जातो, तेव्हा ते विचारतात, "कुठे दुखतं? कधीपासून? काय खाल्लं होतं?" संगणकाच्या बाबतीत हे प्रश्न आपणच स्वतःला विचारायचे आहेत. त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच, ‘तो कुठपर्यंत येतो?’

संगणक एका झटक्यात सुरू होत नाही. आधी वीज पोहोचते. मग मदरबोर्डवरचा बायोस नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो आणि मेमरी, कीबोर्ड, पडदा यांची हजेरी घेतो. मग तो डिस्क शोधतो. डिस्कवरून विंडोज मेमरीत यायला लागतं. शेवटी आपलं नाव आणि पासवर्डची चौकट येते. साखळीची कडी जिथे तुटली असेल तिथे तो थांबतो. म्हणजे तो जिथे थांबला तिथपर्यंतच्या बऱ्याच गोष्टी ठीक आहेत, हे आपल्याला फुकटात कळतं!

वर्गात आपण सेल, वायर आणि बल्बचं परिपथ करून घेतो. बल्ब लागला नाही की मुलांना काय सांगतो? सेल बघ, मग वायरचा जोड बघ, मग बल्ब बदलून बघ. पद्धत तीच आहे. घरी आलं की आपण ती विसरतो, इतकंच.

आता एकेक टप्पा पाहू. मुलांना सोबत घेऊनच पाहा.

पहिला टप्पा : दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही

याचा अर्थ बहुधा वीज पोहोचत नाही. भिंतीपासून सुरुवात करा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेंशन बोर्डाचं बटण बघा. यूपीएस असेल तर संगणकाची वायर थोड्या वेळासाठी सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा. यूपीएसची बॅटरी तीन-चार वर्षांत थकते, आणि मग बिचाऱ्या संगणकावर नाहक आळ येतो. डब्याच्या मागे, वीज आत जाते तिथे एक छोटं काळं बटण असतं. झाडताना, पुसताना ते बंद झालेलं असू शकतं. वायरीचं टोक जागेवर घट्ट बसलंय का, हेही दाबून बघा.

जाता जाता एक गोष्ट. आपण सगळे त्या अख्ख्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे आतली एक चौकोनी चीप, मुलाच्या तळहातात सहज मावेल एवढी. डब्याला कॅबिनेट म्हणायचं. दुकानदाराला "सीपीयू गेलाय" असं सांगितलं तर त्याचा अर्थ फार महागडा होतो!

लॅपटॉप असेल तर चार्जरचा दिवा लागतो का ते बघा. मग चार्जर काढा, पॉवरचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा, सोडा, चार्जर परत लावा आणि सुरू करा. अडकून बसलेले कितीतरी लॅपटॉप एवढ्यावर जागे होतात.

दुसरा टप्पा : पंखा फिरतो, पण पडदा काळा

इथे मुलांना एक छान प्रश्न विचारता येतो, "संगणक झोपलाय की फक्त पडदा झोपलाय?" उत्तर त्यांनाच शोधू द्या. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? तसं होत असेल तर संगणक जागा आहे, गडबड पडद्याच्या बाजूला आहे. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ आलं, तर मॉनिटर जिवंत आहे पण त्याच्यापर्यंत चित्र येत नाहीये. केबलची दोन्ही टोकं काढून पुन्हा बसवा. तीच केबल घरातल्या टीव्हीला लागत असेल तर टीव्हीवर बघा. लॅपटॉपचा पडदा काळा असेल तर अंधारात त्यावर तिरका टॉर्च मारा. आत पुसट चित्र दिसलं तर पडद्यामागचा प्रकाश गेलाय, बाकी यंत्र चालू आहे.

कॅप्स लॉकही ढिम्म असेल तर मेमरी म्हणजे रॅमची पट्टी सैल झाल्याची शक्यता असते. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा यामुळे हे बरंच घडतं. चालू करताना ‘टीट टीट’ असे आवाज येत असतील तर ते मोजून ठेवा, लांब किती, आखूड किती. ती बायोसची भाषा आहे. कंपनीप्रमाणे तिचा अर्थ बदलतो, पण दुरुस्ती करणाऱ्याला ती फार उपयोगी पडते.

डेस्कटॉपचा डबा उघडायचा असेल तर तो मोठ्यांनीच उघडावा. वॉरंटीत असेल तर उघडूच नये. आधी वीजेची वायर पूर्ण काढायची, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवायचं, मग डब्याच्या उघड्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. रॅमच्या टोकाची खिटी मागे करून पट्टी काढा, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा आणि ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

तिसरा टप्पा : कंपनीचं चित्र येतं आणि मग इंग्रजी ओळ

ही ओळ म्हणजे संगणकाची तक्रार आहे, त्याने स्वतः लिहून दिलेली. आपण तीच वाचत नाही! मोबाइलने आधी तिचा फोटो काढा. मग पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, प्रिंटरची वायर, सगळं काढा. फक्त कीबोर्ड, माऊस, पडदा ठेवा आणि पुन्हा सुरू करा.

तरीही ‘बूट डिव्हाइस नाही’ असंच येत असेल तर सुरू होताना एफ२ किंवा डिलीट (कोणतं ते पडद्यावर लिहिलेलं असतं) दाबून बायोसमध्ये जा आणि डिस्कचं नाव दिसतं का एवढंच बघा. काहीही न बदलता, सेव्ह न करता बाहेर या. नाव दिसत असेल तर डिस्क निदान ओळखली जातेय, आणि बिघाड विंडोजच्या फायलींत असण्याची शक्यता जास्त. नाव दिसत नसेल तर केबल सैल आहे किंवा डिस्क आजारी आहे.

तारीख-वेळ चुकलीय असं सांगून तो दरवेळी एफ१ दाबायला लावतो का? मग मदरबोर्डवरचा नाण्यासारखा छोटा सेल संपलेला असणार. डेस्कटॉपमध्ये सहसा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा सेल असतो, आणि तो अगदी स्वस्त असतो. तारीख चुकल्यामुळे वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणायला लागतात आणि आपल्याला वाटतं व्हायरस आला. मात्र घरात लहान बाळ असेल तर जुना सेल टेबलावर सोडू नका. असे सेल गिळले गेले तर जिवावर बेततं.

चौथा टप्पा : विंडोज येऊ लागतं, पण पूर्ण येत नाही

गोल गोल फिरत राहतं, निळा पडदा येतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. इथे घाई करू नका. काल काय बदललं होतं ते आठवा. नवीन प्रिंटर? अपडेट? कुठलासा ‘फ्री’ गेम? सलग दोन-तीन वेळा सुरुवात अर्धवट राहिली की विंडोज १० आणि ११ सहसा स्वतःहून दुरुस्तीचा पडदा दाखवतात. त्यात ‘ट्रबलशूट’ आणि पुढे ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये गेलं की स्टार्टअप रिपेअर, नुकतंच आलेलं अपडेट काढणं, सेफ मोड असे पर्याय मिळतात. सेफ मोडमध्ये संगणक अगदी गरजेपुरत्या गोष्टी घेऊन सुरू होतो. तिथे तो सुरू झाला तर दोष नंतर जोडलेल्या कशात तरी असणार, असा अंदाज बांधता येतो.

याच पडद्यावर ‘रिसेट’ हाही पर्याय असतो. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर आपल्या फायली ठेवल्या जातात, टाकलेले प्रोग्राम जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडलं तर सगळंच जातं. हा पर्याय अगदी शेवटचा, आणि तोही फायलींची दुसरी प्रत असेल तरच.

एका वेळी एकच बदल, आणि वही

आपण वैतागलो की पाच गोष्टी एकदम करतो. वायर बदलतो, रॅम काढतो, सॉकेट बदलतो. संगणक सुरू झाला तरी कशामुळे झाला हे कळत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून घरात एक नियम करा. एका वेळी एकच बदल. बदल केला, लिहिला, सुरू करून पाहिलं, काय झालं ते लिहिलं.

लिहिण्याचं महत्त्व मुलांना पटवायचं असेल तर एक खरी गोष्ट सांगा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड मार्क २ या प्रचंड संगणकाच्या एका रिलेमध्ये पतंग सापडला, दिव्याभोवती फिरणारा किडा. तिथल्या लोकांनी काय केलं? तो पतंग नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि वेळेसकट नोंद केली. ग्रेस हॉपर या प्रसिद्ध संगणकतज्ज्ञ त्याच गटात काम करत होत्या. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत त्याआधीपासूनच होती, पण ती नोंदवही त्या पतंगासकट आजही जपून ठेवलेली आहे. बिघाडाची नोंद ठेवणं ही मोठ्या शास्त्रज्ञांची सवय आहे, आपल्या घरी ती एका शंभरपानी वहीत सुरू होऊ शकते.

आणखी एक अलीकडचं उदाहरण. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट जगभर गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. ते मुख्यतः कंपन्या आणि संस्थांचे संगणक होते. विमानतळ, बँका, रुग्णालयं अडली. आपल्या देशात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि उपाय काय होता? संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा आणि एक सदोष फाइल काढून टाकायची. संगणक कुठपर्यंत येतो आणि कशामुळे अडतो हे कळल्यावर उपाय असा छोटा निघाला. असंख्य संगणकांपाशी मात्र माणसाला प्रत्यक्ष जाऊन तो करावा लागला.

त्या दिवशी अनेकांची आणखी एक अडचण झाली. डिस्क कुलूपबंद होती आणि किल्ली जवळ नव्हती. आपल्या घरच्या नव्या विंडोज ११ च्या लॅपटॉपमध्येही हे कुलूप (बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन) आपल्या नकळत चालू झालेलं असू शकतं. त्याची ४८ अंकी किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ती आजच, संगणक चालू असतानाच, शोधून वहीत लिहून ठेवा.

इथे मात्र हात लावायचा नाही

मुलांना शोध घ्यायला शिकवतो तसं थांबायलाही शिकवायला हवं. पुढच्या प्रसंगी वीज बंद करून सरळ जाणकाराकडे जा.

- जळका वास आला, धूर दिसला, डब्याला शॉक लागला.
- लॅपटॉपची बॅटरी फुगलीय, खालचं झाकण उचललं गेलंय. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तर अजिबात करायची नाही.
- चहा-पाणी सांडलंय. ‘वाळलं का बघू’ म्हणून लगेच चालू करू नका.
- हार्ड डिस्कमधून ‘कट् कट्’ आवाज येतोय. प्रत्येक वेळी चालू केल्यावर आतल्या फायलींना धोका वाढतो.
- वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा. तो कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात धोकादायक वीज काही काळ साठून राहू शकते.

आणि पावसाळ्यात कडकडाट सुरू झाला की संगणकाच्या वीजेच्या वायरीबरोबर इंटरनेटची तांब्याची वायरही काढा. वीज त्या वाटेनेही येते.

"एवढा वेळ कुणाला आहे?"

हा प्रश्न तुम्ही विचारणार, मला माहीत आहे. स्टाफरूममध्ये मला हाच विचारला गेला. एक सर म्हणाले, "मॅडम, दोन-चारशे रुपयांत काम होतं. आपण कशाला डोकं लावायचं?" मुद्दा चुकीचा नाही. दुरुस्ती करणाऱ्याचं कौशल्य मोठंच असतं आणि त्याला त्याचे पैसे मिळायलाच हवेत. पण वर सांगितलेल्या पहिल्या तीन टप्प्यांतल्या बाहेरच्या तपासण्यांना पंधरा-वीस मिनिटं पुरतात. डबा रिक्षात घालून दुकानात नेण्यापेक्षा कमीच!

शिवाय दुकानात जावंच लागलं तरी आपण वेगळं बोलतो. "बंद पडलाय" ऐवजी म्हणतो, "पंखा फिरतो, कंपनीचं चित्र येतं, मग ही ओळ येते, हा फोटो. पेनड्राइव्ह काढून पाहिलाय. बायोसमध्ये डिस्क दिसते. डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये महत्त्वाच्या फायली आहेत, त्या आधी काढून घ्या आणि मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका." अशा गिऱ्हाइकाचं काम दुरुस्ती करणाऱ्यालाही सोपं जातं. फायली बऱ्याचदा काढताही येतात. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडता येते, किंवा उबंटूसारखी प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक सुरू करता येतो. ज्या पेनड्राइव्हने माझा संगणक अडवला, तसाच एक पेनड्राइव्ह कुणाचा तरी खजिना वाचवू शकतो.

काही पालक म्हणतात, "मुलांनी काहीतरी बिघडवलं तर?" म्हणून तर सीमा आधी ठरवायच्या. बघणं, ऐकणं, वाचणं, लिहिणं हे मुलांचं काम. बाहेरच्या केबल काढणं-लावणं मोठ्यांच्या समोर. डबा उघडणं मोठ्यांचं. आणि खरं सांगू का, माझ्या घरी बिघाड मोठ्यांनी केला होता आणि तो मुलीने शोधला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंगचा उल्लेख आहे. चांगलंच आहे. पण कोड लिहिणं हे निम्मं काम. तो चालत नाही तेव्हा न चिडता, क्रमाने, पुराव्यानिशी चूक शोधणं हे उरलेलं निम्मं. त्याचा सराव नवं साहित्य विकत न घेताही होतो.

एका तासिकेचा उपक्रम

शाळेतला एखादा चालू संगणक घ्या. मुलं येण्याआधी तुम्हीच एक-दोन ‘बिघाड’ करून ठेवा. मॉनिटरची केबल सैल करा, एक्स्टेंशनचं बटण बंद ठेवा, मॉनिटरचा प्रकाश अगदी कमी करा, रिकामा पेनड्राइव्ह लावून ठेवा. चार-चार मुलांचे गट करा. पहिली पाच मिनिटं कोणीही हात लावायचा नाही. फक्त बघायचं, ऐकायचं आणि वहीत तीन रकाने भरायचे. काय दिसलं, काय असू शकेल, तपासणार कसं. मग गटाने ठरवलेला एकच बदल करायचा. गुण द्यायचेच असतील तर संगणक सुरू झाल्याबद्दल देऊ नका, नोंदीबद्दल द्या. ज्या गटाचा अंदाज चुकला पण नोंद नीट आहे, त्या गटाचं कौतुक वर्गासमोर जरूर करा. चूक सापडणं हाही निकालच आहे, हे मुलांना तेव्हाच कळतं.

आणि आजच करायचं एक काम

हे सगळं वाचून उद्या तुमचा संगणक कधी बिघडणारच नाही, असं नाही. यंत्र आहे, बिघडणार. डिस्क कधी तरी जाणारच. म्हणून आज रात्री जेवणं झाली की मुलांना शेजारी घेऊन बसा आणि विचारा, "हा संगणक उद्या सुरूच झाला नाही, तर यातलं काय गेलेलं आपल्याला चालणार नाही?" त्याची यादी करा. त्या फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन ठेवा. डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवा, संगणकाला कायम जोडून ठेवू नका.

आमच्या घरी ती यादी मुलीने लिहिली. पहिल्या क्रमांकावर तिने लिहिलं, ‘आजीचा आवाज’. मी म्हटलं, "अगं, तो तर गेला ना." ती म्हणाली, "मामाच्या मोबाइलवर तू पाठवल्या होत्यास का कधी? विचारून तर बघ." त्याच रात्री विचारलं. चौदापैकी दोन ओव्या भावाच्या जुन्या फोनमध्ये निघाल्या.

आता त्या तीन ठिकाणी आहेत. आणि आमच्या संगणकाजवळ एक वही आहे, तिच्या पहिल्या पानावर मुलीने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, ‘कुठपर्यंत येतो ते आधी बघा.’

तुमच्याही घरी, तुमच्याही वर्गात अशी एक वही असू द्या.